फुटलेल्या थर्मामीटरचा पारा

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या अनेक मराठी घरांत औषधांच्या डब्यात अजून जुना पाऱ्याचा थर्मामीटर असतो. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार अशा थर्मामीटरचं उत्पादन 2020 नंतर थांबवायचं ठरलं, भारतानंही 2018 मध्ये हा करार मान्य केला. पण घरातले जुने थर्मामीटर कोण मोडीत काढतो?

तो फुटला की हात आपोआप झाडूकडे जातो, आणि नेमकं तेच टाळायचं. झाडूनं पाऱ्याचे बारीक थेंब होतात, फटीत शिरतात. साध्या तापमानालाही पाऱ्याची वाफ होते. खरा धोका त्या वाफेचा, श्वासातून जाणारा. व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको.

आधी मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना बाहेर काढा. मे महिना असला तरी पंखा आणि कूलर बंद करा, आतलं दार लावा, खिडक्या उघडा. हातातल्या सोन्याच्या अंगठ्या, बांगड्या उतरवा, कारण पारा सोन्याला धरतो. हातमोजे घाला. दोन पोस्टकार्डांनी थेंब एकमेकांकडे ढकला, ते मिसळून मोठा गोळा होतो. तो ड्रॉपरनं उचला. मग खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. उरलेले कण चमकतात, ते चिकटपट्टीनं टिपा. सगळं घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून वर ‘पारा’ असं लिहा. मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका.

सीएफएल दिव्यात पारा फार थोडा, काही मिलिग्रॅमच असतो. तरी दिवा फुटल्यास दहा मिनिटं खोलीबाहेर थांबा.

2016 च्या घनकचरा नियमांनी फुटलेला थर्मामीटर आणि सीएफएल दिवा हा घरगुती घातक कचरा ठरवला होता. घंटागाडीत टाकण्याआधी महापालिकेकडे विचारा.