चिकित्सक वाचन आणि मुळशी सत्याग्रहाची साधने

पदव्युत्तर पातळीवरील लेखनात संदर्भांची विपुलता आणि चिकित्सेचा अभाव या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र आढळतात. उताऱ्यामागून उतारा येतो. मात्र दोन आधारांत विरोध असल्यास तो कशातून उद्भवला, हा प्रश्न उपस्थित होत नाही. चिकित्सक वाचनाचा प्रारंभ याच प्रश्नापासून होतो. मुळशी सत्याग्रहाविषयीचे लेखन या दृष्टीने उद्बोधक आहे.

मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात धरण बांधावयास घेतले. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला. त्यातील एक नेते वि. म. भुस्कुटे यांनी पुढे ‘मुळशी सत्याग्रह’ हा ग्रंथ लिहिला. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांचा याच नावाचा ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली सहभागी कार्यकर्त्याची साक्ष आहे, तर दुसरे सावकार व कुळे यांच्या हितसंबंधांतील भेद दाखविणारे विश्लेषण. नंतरचा ग्रंथ म्हणून दुसरा अधिक खरा, असे मानणे ही चिकित्सा नव्हे. साक्षीला विचारावे : लेखक कोठे उभा होता, कोणाच्या वतीने बोलत होता? विश्लेषणाला विचारावे : निष्कर्ष कोणत्या पुराव्यावर उभा आहे?

शब्दांचीही अशीच तपासणी हवी. शेतकऱ्यांना ‘मावळे’ म्हणताच शिवकालाचे स्मरण जागे होते. त्याचबरोबर सावकार आणि कूळ एकाच नामात विलीन होतात. ‘सत्याग्रह’ या संज्ञेचा अर्थही स्थिर नाही. सेनापती बापट यांनी १९२४ मध्ये धरणाच्या कामावरील रेल्वेगाडी सशस्त्र अडविली आणि त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. अशा कृतीला सामावून घेणारी बापटांची संकल्पना गांधीप्रणीत अर्थाने वाचता येणार नाही.

लेखनात म्हणून तीन प्रकारची विधाने वेगळी ठेवणे अगत्याचे ठरते : घटना, आधारग्रंथकाराचा अन्वयार्थ आणि अभ्यासकाचे स्वतःचे अनुमान. ‘धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला’ ही घटना होय; ‘तो मावळ्यांचा लढा होता’ हा अन्वयार्थ आहे. दुसऱ्या विधानापुढे ‘कोणत्या मावळ्यांचा?’ हा प्रश्न ठेवल्याखेरीज जमीन कसणारे पण तिचे मालक नसलेले कूळ लेखनात दिसत नाही. त्याची भूमी पाण्याखाली गेली. निष्काळजी वाचनाने त्याचे वेगळेपणही नाहीसे होते. विद्यार्थ्याच्या प्रबंधात हा प्रश्न आला की नाही, यावरून त्याच्या वाचनाची पारख करता येते.