स्वभाव पालटतो तेव्हा

या व्यासपीठावर आम्ही बोनस आणि ग्रॅच्युइटी सोडून कधी बोललो नाही. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयात झाले. तेव्हा वैद्यकावर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार नाही, कारण मात्र आहे.

वीसेक वर्षांपूर्वी आमचा एक सभासद, पन्नाशीचा टर्नर, बघता बघता बिघडला. मूळचा अबोल, मानी माणूस. तो दुसऱ्यांच्या डब्यातले उचलून खाऊ लागला. सोबत्याची आई गेल्याचे ऐकून हसला. चालू लेथ सोडून शेडभोवती एकाच वाटेने फेऱ्या घालू लागला. दारूला तो शिवत नसे. चार्जशीट आले. आम्ही त्याला खडसावले आणि प्रकरण वाढू नये म्हणून राजीनामा लिहून द्यायला लावला. सही करताना तो खिशातला गूळ खात होता. दोन वर्षांनी निदान झाले: फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया.

स्मृतिभ्रंश म्हटले की घराचा रस्ता विसरलेला म्हातारा डोळ्यांपुढे येतो. या विकारात आरंभी स्मरण बहुधा शाबूत असते. झीज होते ती कपाळामागच्या आणि कानशिलांजवळच्या मेंदूची. मनात आले ते लगेच न करणे, दुसऱ्याचे दुःख जाणणे, आपण होऊन कामाला लागणे, हे मुख्यतः तिथून चालते. म्हणून रोगी बेताल तरी होतो, नाही तर अगदी थंड. गोडाची हाव सुटते. आपल्यात काही पालटले आहे हे त्याला स्वतःला उमगत नाही. मग तो डॉक्टरकडे जाणार कशाला? बहुतेकांना हा विकार 45 ते 65 या वयात गाठतो, म्हणजे ऐन नोकरीत.

प्रागचे आर्नोल्ड पिक यांनी अशा झिजेचे वर्णन 1892 साली केले. आनुवंशिक कारणे हाती यायला मात्र शंभरावर वर्षे लागली. टाऊ प्रथिनाच्या जनुकातले दोष 1998 मध्ये सापडले, प्रोग्रॅन्युलिनचे 2006 मध्ये, सी-नाइन-ऑर्फ-सेव्हन्टीटूचा 2011 मध्ये. हे शेवटचे नाव घेताना आमची जीभ अडखळते, पण दोष समजण्याजोगा आहे. सहा अक्षरांची एक तुकडी निरोगी माणसात थोड्याच वेळा येते, रोग्यात बहुधा शेकडो, हजारो वेळा. छापखान्यातल्या जुळाऱ्याने एकच शब्द पानभर जुळवीत बसावे, तसे.

टाऊच्या घराण्यांत बेताल वागणे आणि त्याच त्या कृतींचा ध्यास अधिक. प्रोग्रॅन्युलिनच्या घराण्यांत उदासीनता, क्वचित भास. तिसऱ्या दोषात भास आणि खोटे संशय विशेष, तेही कधी झीज ओळखू येण्याच्या कित्येक वर्षे आधी. असा रोगी स्किझोफ्रेनियाचा म्हणून गणला जातो. त्याच घरात दुसऱ्या कोणाला हातापायांचे बळ नेणारा एएलएस होऊ शकतो. म्हणून घराण्याची विचारपूस हवी. आमच्या टर्नरचे वडील गावी ‘बाधा होऊन’ गेले हे आम्हांला ठाऊक होते. त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

असा दोष आईकडून वा वडिलांकडून येतो. प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता. रक्ताची तपासणी आहे, झीज थांबवणारे औषध अजून नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी अनावर वागणे काहींत शमते. भासांवरची औषधे जपून द्यावी लागतात, कारण अंग आखडते. मग तपासून घ्यावे का? टर्नरची मुले मोठी झाल्यावर हाच प्रश्न घेऊन आमच्याकडे आली. थोरलीने नको म्हटले, धाकट्याने तपासून घेतले. दोघांचेही बरोबर, असे आमचे मत. सक्ती कोणी करू नये.

सेवेत असताना अपंगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढू नये, त्याच पगारावर दुसरे काम द्यावे, असे 2016 चा अपंग हक्क कायदा म्हणतो. पण ते कलम सरकारी आस्थापनांपुरते. खासगी कारखान्यात ते लढूनच मिळवावे लागते.

आता शिस्तभंगाचे चार्जशीट आले की आम्ही आधी सभासदाच्या घरी जातो. वहिनींना विचारतो, हे असे कधीपासून वागतात, आणि पूर्वी कसे होते.