शीडनौकेचे सुकाणू : निगा व पूर्वतयारी

प्रस्तावना : शीड नौकेस गती देते, तर सुकाणू दिशा देते. भर समुद्रात सुकाणू निकामी झाल्यास नौका लाटांना आडवी होऊन कलंडण्याचा धोका संभवतो. गोव्यात बांधलेली भारतीय नौदलाची 'तारिणी' सहा महिला अधिकाऱ्यांसह पृथ्वीप्रदक्षिणा करीत असता २०१८ मध्ये तिच्या सुकाणू यंत्रणेत बिघाड झाला व दुरुस्तीसाठी तिला मॉरिशसचे पोर्ट लुई बंदर गाठावे लागले.

निगा : चाकाची गती सुकाणूपर्यंत बहुधा पोलादी तारदोर व कप्प्या पोहोचवितात. तारेचे धागे तुटू लागणे हा पहिला इशारा होय. दंडाचे बेअरिंग झिजल्यास पाते डगमगते. पात्यात पाणी झिरपल्यास आतील सांगाडा गंजतो. म्हणून नौका पाण्याबाहेर काढल्यावर पाते हाताने हलवून पाहावे.

पूर्वतयारी : प्रथम दंडाच्या छिद्रातून पाणी आत येत नाही ना, हे पाहावे. केवळ तारदोर तुटला असल्यास दंडावर सुटा दांडा बसवून नौका वळविता येते. पातेच गमावल्यास दोन दोरांनी मागे अडथळा ओढावा. ज्या बाजूचा दोर आवळावा, त्या बाजूस नौका वळते.

समारोप : हे उपाय शांत पाण्यात आधीच करून पाहिलेले असावेत, अन्यथा वादळात ते साधतीलच असे नाही.