सोयावडी, म्हैस आणि वाघाडचं पाणी

ओझरच्या किराणा दुकानात ‘वनस्पतिजन्य मांस’ मागितलंत तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील. सोयावडी मागा, पाकीट लगेच पुढ्यात. दोन्ही एकाच कुळातले. आपली वडी तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पिठाची.

गैरसमज: सोयाबीनपायी जंगलं तुटतात, त्यापेक्षा बीफ बरं.

ब्राझीलमध्ये जंगलं तुटली, हे खरंच. पण जगातलं सुमारे तीन चतुर्थांश सोयाबीन जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातं. तोडीचा मोठा हिस्सा मांसाच्याच खात्यावर पडतो.

गैरसमज: कारखान्यातून, दुरून ट्रकने येतं, म्हणजे प्रदूषण तेवढंच.

2018 साली ‘सायन्स’मध्ये 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांचा अभ्यास आला. 100 ग्रॅम प्रथिनांमागे होणारं उत्सर्जन, कार्बन डायऑक्साइडच्या मापात: मांसासाठी पाळलेल्या गुरांचं बीफ 50 किलो, टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर 2 किलो. खरी मेख रवंथात आहे. ढेकरांतून बाहेर पडणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतो. बीफच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा एक टक्काही नसतो.

मात्र 50चा आकडा जसाच्या तसा इथे आणून आपटू नये. 2015पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे इथलं ‘बीफ’ म्हशीचं, आणि म्हैस पाळली जाते दुधासाठी. तिच्या मिथेनचा भार दूध आणि मांस यांत वाटला जातो. दुधाच्या जनावरांच्या मांसाचा आकडा 17 किलो आहे, तोच आपल्याला त्यातल्या त्यात जवळचा. तरीही टोफूच्या आठपट.

गैरसमज: किलोभर बीफ म्हणजे धरणातलं 15,000 लिटर पाणी.

वाघाड धरणाचं पाणी पाणीवापर संस्थांमार्फत घनमापाने मोजून घेणाऱ्या ओझरकरांनी तरी विचारावं: कुठलं पाणी? या जागतिक सरासरीतलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी गवता-चाऱ्यावर पडलेल्या पावसाचं आहे. बांधावरचं गवत आणि उसाचं वाढं खाणारी म्हैस वेगळी, विहिरीच्या पाण्यावरचा लसूणघास खाणारी वेगळी. आपलं सोयाबीनही बहुतांश खरिपातलं, पावसावरचं.

गैरसमज: वनस्पतिजन्य म्हटलं की पर्यावरणाला शून्य भार.

गोठवलेल्या महागड्या टिक्क्यांचं तसं नाही. अमेरिकेतल्या बियॉन्ड बर्गरच्या 2018च्या अभ्यासात (खर्च कंपनीचाच, हे ध्यानात ठेवा) उत्सर्जन बीफपेक्षा 90 टक्के कमी निघालं, ऊर्जेची बचत मात्र 46 टक्केच. सोयावडीला निदान फ्रीज लागत नाही. आणि ‘सायन्स’मधल्या त्याच अभ्यासात वाटाण्याचा आकडा 0.4 किलो आहे, टोफूच्या पाचव्या हिश्श्याइतका.