बाळाच्या वाट्याचे लोह

चिंचपाड्यासारख्या गावात पहिलीत येणारी काही मुले सुस्त असतात. फळ्याकडे पाहतात, पण लक्ष टिकत नाही. घरचे म्हणतात, आळशी आहे. कारणे पुष्कळ असतात. मात्र त्यातले एक शाळेत येण्याच्या चार-पाच वर्षे आधीच घडून गेलेले असू शकते. ते म्हणजे तान्हेपणी शरीराला कमी पडलेले लोह.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांपैकी जवळपास ६९ मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. हा सगळाच लोहाअभावी नसतो, पण लोह हे त्याचे एक मोठे कारण आहे.

पहिल्या दोन वर्षांत मेंदूतील तंतूंवर मायलिनचे आवरण चढत असते, विजेच्या तारेवर प्लास्टिक असते तसे. त्यासाठी लोह लागते; स्मरणशक्तीच्या भागाच्या वाढीलाही लागते. लोह तुटपुंजे असले की शरीर ते आधी रक्ताला देते आणि मेंदू मागे राहतो. म्हणजे हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही मेंदूला कमी पडत असू शकते.

कोस्टा रिका देशात बेट्सी लोझॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांचा एकोणीस वर्षांपर्यंत मागोवा घेतला. बाळांना लोह देऊन रक्त सुधारले, तरी ज्यांची कमतरता दीर्घकाळची होती ती मुले बुद्धीच्या चाचण्यांत मागेच राहिली. गरीब घरांत तर हे अंतर वयाबरोबर वाढत गेले. म्हणून शाळेत गेल्यावर टॉनिक देऊ, हा हिशेब चुकतो.

आपल्याकडे गोश्त होते, मग आपल्याला काय धोका, असे पुष्कळांना वाटते. पण ते बाळाच्या वाट्याला येते का? कुराणाने आईच्या दुधाची दोन वर्षे सांगितली आहेत, ती पाळावीतच. मात्र जन्मापासून साठवलेले लोह साधारण सहा महिन्यांत सरते आणि आईच्या दुधात ते थोडेच असते. तेव्हा दुधासोबत मऊ शिजवून बारीक केलेला खिमा, थोडी कलेजी, अंडे, डाळ, पालेभाजी द्यायला लागावे. डाळीवर लिंबू पिळले की लोह चांगले शोषले जाते. चहात बुडवलेले बिस्किट मात्र बाळाच्या हाती देऊ नये. चहा लोह अडवतो. वरचे दूधही फार झाले की पोट भरते आणि लोह मिळत नाही.

खरी सुरुवात आईपासून होते. बाळाचा साठा तिच्या पोटातच भरतो. सगळ्यांचे जेवण आटोपल्यावर उरलेला रस्सा सुनेच्या ताटात, ही रीत गरोदरपणात तरी मोडलीच पाहिजे. रमजानमध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला शरिअतने सवलत दिली आहे, ती तिला संकोच न करता घेऊ द्यावी.

सरकारी योजनेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा, एक मिलीलिटर मिळते. आशाताई किंवा अंगणवाडीत विचारावे. शौच काळसर झाले तर घाबरू नये. बाटली मात्र मुलांच्या हाताला लागू नये, जास्त प्यायल्यास जिवावर बेतते. आणि नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः आपल्या आदिवासी शेजाऱ्यांत सिकलसेलही आढळतो. मूल फिकट दिसत असेल तर आधी रक्त तपासून घ्यावे, दुकानातून औषध आणून सुरू करू नये.