स्वाक्षरी खरी, तरीही पहारा आवश्यक

अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीच्या ओरियन या सॉफ्टवेअरमध्ये घुसखोरी झाल्याचे डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आले. संगणकांच्या जाळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीत हल्लेखोरांनी चोरवाट ठेवली होती. ही आवृत्ती सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचली. त्यांत अमेरिकेची काही सरकारी खातीही होती. विशेष म्हणजे तिच्यावरील कंपनीची डिजिटल स्वाक्षरी अस्सल होती.

सॉफ्टवेअर कोणाचे आहे आणि स्वाक्षरीनंतर त्यात फेरफार झाला आहे का, एवढेच स्वाक्षरीवरून कळते. ते पुढे कसे वागेल, हे कळत नाही. म्हणूनच तज्ज्ञ दोन प्रश्न वेगळे मानतात. कोणावर, कोणत्या कामापुरता विश्वास ठेवावा, हा पहिला. मॅट ब्लेझ, जोन फायगेनबॉम आणि जॅक लेसी यांनी १९९६ मध्ये त्याला ‘विश्वास व्यवस्थापन’ असे नाव दिले. दुसरा प्रश्न पहाऱ्याचा: सॉफ्टवेअर चालू असताना त्याची प्रत्येक संवेदनशील मागणी तपासणे आणि नियमबाह्य मागणी नाकारणे. ओरियनच्या सर्व्हरला बाह्य इंटरनेटशी संपर्क साधण्यास सरसकट मनाई असती, तर ती चोरवाट निष्प्रभ ठरली असती.

या दोहोंची सांगड घालण्याचा ठळक प्रयोग जावा या संगणकीय भाषेत झाला. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत इंटरनेटवरून आलेला प्रोग्रॅम बंदिस्त कुंपणातच चाले. संगणकावरील फाइल त्याला वाचता येत नसे. १९९७ मध्ये विश्वासू स्वाक्षरी असलेल्या प्रोग्रॅमला संपूर्ण मोकळीक मिळाली. ओळखपत्र पाहून पाहुण्याच्या हाती घराच्या सर्व किल्ल्या देण्यासारखाच हा प्रकार होता. १९९८ च्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. स्वाक्षरी कोणाची आणि प्रोग्रॅम कोठून आला, यावरून त्याला मोजक्याच परवानग्या मिळू लागल्या. मागणी करणाऱ्या भागाबरोबरच, त्याच्याकरवी ती करवून घेणाऱ्या भागांचीही तपासणी होऊ लागली. अन्यथा अविश्वासू भागाने विश्वासू भागाआडून काम साधले असते.

रचना उत्तम होती, परंतु नियमावली लिहिणे किचकट असल्याने तिचा वापर फारच थोड्यांनी केला. २०२१ मध्ये ही व्यवस्था कालबाह्य घोषित झाली आणि २०२५ च्या २४ व्या आवृत्तीत कायमची बंद झाली.

अँड्रॉइड फोनवर मात्र ही सांगड टिकून आहे. तेथे प्रत्येक ॲपवर स्वाक्षरी अनिवार्य असते. तरीही कॅमेरा वा मायक्रोफोन वापरण्यापूर्वी, २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून, ॲपला वापरकर्त्याची संमती घ्यावी लागते. दिलेली संमती नंतर काढूनही घेता येते.