ट्रॉलीचा भार आणि कायद्याची मर्यादा

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे साखर कारखान्यांच्या वाटांवर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. ट्रॉलींत माल किती भरावा, असें विचारलें असतां "मावेल तितका" हेंच उत्तर बहुधा मिळतें. हें उत्तर कायद्यास मान्य नाहीं व जीवितासही हितकर नाहीं; म्हणून या विषयाचा थोडा खुलासा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 113 वें कलम भाराविषयीं आहे. नोंदणीपत्रकांत भारासह जें वजन लिहिलें असेल, त्याहून अधिक वजनाचें वाहन अथवा ट्रेलर सार्वजनिक रस्त्यावर चालविण्यास त्यानें मनाई केली आहे. येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली, हें वजन नुसत्या मालाचें नव्हे, ट्रॉली व माल मिळून होणारें आहे. समजा, पत्रकांत रिकाम्या ट्रॉलीचें वजन 2 टन व भारासह 8 टन लिहिलें आहे. तर माल 6 टनच भरतां येईल. ट्रॉलीच्या कडा उंचावून जागा वाढविली तरी हा आंकडा वाढत नाहीं. दुसरी, ही मनाई चालकापुरती नाहीं. जो चालवावयास लावतो किंवा चालवूं देतो तोही दोषी ठरतो. मालकानें चालकाकडे बोट दाखवून भागत नाहीं.

सप्टेंबर 2019 पासून 194 व्या कलमान्वयें दंड 20,000 रुपये, व शिवाय जादा भाराच्या दर टनास 2,000 रुपये असा आहे. वरील ट्रॉलींत 10 टन ऊस भरला तर जादा भार 4 टन होऊन दंड 28,000 रुपये होतो. जादा माल उतरविण्याचा खर्चही सोसावा लागतो, व तो उतरल्यावांचून वाहन हलवितां येत नाहीं. वजन करूं देण्यास नकार देणाऱ्या चालकास 40,000 रुपये दंड सांगितला आहे.

परंतु दंडाहून मोठा विचार जीविताचा आहे. पुष्कळ ट्रॉल्यांस स्वतःचे ब्रेक नसतात. सारा भार ट्रॅक्टरच्याच ब्रेकांनीं आवरावा लागतो. वजन दुप्पट झालें म्हणजे त्याच वेगांतून थांबण्यास ब्रेकांवर दुप्पट काम पडतें. उतारावर ट्रॉली मागून रेटते, व ट्रॅक्टर जरा तिरपा असला कीं त्यास आडवा फिरविते. चढावर ओढ वाढून पुढचीं चाकें हलकीं होतात. मग स्टिअरिंग फिरविलें तरी ट्रॅक्टर वळत नाहीं. उंच रचलेला ऊस खड्ड्यांत एका अंगास कलला तर ट्रॉली उलटते, आणि त्या वेळीं शेजारून कोण जात असेल याचा नेम नाहीं.

वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो, म्हणून एका खेपेंत अधिक नेण्याचा मोह होतो, हें आम्ही जाणतों. उपाय मात्र सोपा आहे. काट्याच्या पावतीवर भरलेलें व रिकामें अशीं दोन्ही वजनें असतात. त्यांच्या वजाबाकीनें आलेला माल नोंदणीपत्रकाशीं ताडून पहावा. दोन ट्रॉल्या असल्यास प्रत्येकीचा हिशेब निराळा करावा. किती माल भरावयाचा तो आंकडा ट्रॉलीवर रंगानें लिहून तोडणीच्या टोळीस आगाऊ सांगावा. एक खेप अधिक पडेल खरी. पण चालक सायंकाळीं सुखरूप घरीं परतेल.